सोंगटी कोण, खेळगडी कोण?

राणीला मुलगा झाला तर गुण भरपूर. मुलगी झाली तर थोडे. मूल जगलं नाही तर काहीच नाही. मग ती राणी बाजूला सारायची आणि दुसरी आणायची.

वाचून वाटेल, हा कुठल्या तरी जुन्या वाड्यातल्या सासूबाईंच्या मनातला हिशोब असणार. तसं नाही. हा एका पटावरच्या खेळाचा छापील नियम आहे. शिकलेसवरलेले, इंग्रजी बोलणारे, स्वतःला आधुनिक म्हणवणारे तरुण-तरुणी सुट्टीच्या दिवशी मांडी ठोकून तो खेळतात. खेळात काय एवढं, असं म्हणून सोडून द्यावं अशी ही गोष्ट मला वाटत नाही. भातुकलीतून मुलींना काय शिकवलं जातं यावर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. मग मोठ्यांच्या भातुकलीकडेही जरा निरखून बघायला हवं.

खेळाचं नाव 'हिअर आय स्टँड'. 'मी इथे उभा आहे' हे मार्टिन ल्यूथरच्या तोंडी घातले जाणारे शब्द. १५२१ साली वोर्म्स शहरात बादशहासमोर आपली मतं मागे घ्यायला नकार देताना तो असं म्हणाला, असं सांगतात. अमेरिकेतल्या जीएमटी गेम्स कंपनीनं हा खेळ २००६ साली काढला. रचनाकार एड बीच. काळ १५१७ ते १५५५, म्हणजे युरोपात धर्मसुधारणेचा वणवा पेटला तो. पट म्हणजे युरोपचा नकाशा आणि बाजू सहा : उस्मानी तुर्क, हाब्सबर्ग बादशहा, इंग्लंड, फ्रान्स, पोप आणि प्रोटेस्टंट. सहा जणांनी सगळा डाव मांडला तर अख्खा दिवस जातो.

नुसती मारामारी असती तर मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. या खेळाची खरी गंमत कारस्थानात आहे. प्रत्येक फेरीत वाटाघाटींचा वेळ ठरलेला असतो. खेळगडी दोघे-दोघे उठून बाहेर जातात, कुजबुजतात, तह करतात, कैदी सोडवून घेतात, एकमेकांना पत्ते देऊ करतात. मग सगळे परत येऊन बसतात आणि आपापले करार जाहीर करतात. बाकीची तोंडी आश्वासनं पाळायचं बंधन कुणावरच नाही. त्यामुळे फौज किती यापेक्षा कुणाचा शब्द किती खरा, याचा अंदाज ज्याला येतो तो पुढे जातो.

आता या वाटाघाटींत देण्याघेण्याच्या ज्या वस्तू आहेत, त्यांत एक आहे घटस्फोट. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला आपली पहिली बायको कॅथरीन नको आहे, कारण तिच्यापासून त्याला मुलगा नाही. लग्न मोडायची परवानगी पोपकडे. तेव्हा इंग्लंड खेळणारा पोप खेळणाऱ्याला बाजूला घेऊन विचारतो, 'परवानगीचं काय घेशील?' सौदा जमला तर कॅथरीन गेली आणि अ‍ॅन बोलीन आली. हेन्रीच्या सहा बायकांची पायरी-पायरीनं पट्टीच आखलेली आहे. लग्नागणिक खूण पुढे सरकते, फासा पडतो आणि अपत्यांच्या तक्त्यात बघून काय झालं ते कळतं.

माझी भाची आणि तिचे मित्र-मैत्रिणी हा खेळ खेळत होते तेव्हा मी शेजारी बसून पाहत होते. चार मुलगे, दोन मुली. भाचीकडे इंग्लंड. तिनं फासा टाकला, तक्ता पाहिला आणि कपाळावर हात मारला, "शी! मुलगीच!" सगळे हसले. तीही हसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तू नको हं सुरू करूस. तो नियम आहे. इतिहासच तसा होता."

इतिहासच तसा होता. हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! म्हणून त्याचा नीट विचार करू.

भाचीचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मला मान्य आहे. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडात राणीची किंमत तिच्या पोटी येणाऱ्या मुलग्यावर ठरत होती. खेळानं हे लपवलेलं नाही. उलट ते इतक्या उघडपणे मांडलं आहे, की ज्याला डोळे आहेत त्याला पुरुषसत्ता म्हणजे काय हे त्या एका तक्त्यावरून कळावं. ते खोडून तिथे काही गोड-गोड छापा असं मी म्हणणार नाही. इतिहासाला रंगसफेदी करून आपला काही फायदा होत नाही.

पण उरलेलं अर्धं? त्या काळात बायका नुसत्या फाशाच्या पलीकडे बसून बाळंत होत नव्हत्या. त्या पटावर खेळत होत्या.

ही कॅथरीनच बघा. १५०७ साली ती आपल्या वडिलांची, अरागॉनच्या फर्डिनंडची, राजदूत म्हणून इंग्लंडच्या दरबारी काम पाहत होती. १५१३ साली हेन्री फ्रान्सवर स्वारीला गेला तेव्हा राज्यकारभार तिच्या हाती होता. त्याच काळात स्कॉटलंडचा राजा चालून आला आणि फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला. राज्य राखून दाखवलेली ही बाई. वीस वर्षांनी, १५३३ साली, तिचं लग्न मुळात झालंच नव्हतं असा निवाडा देऊन तिला मोडीत काढलं.

किंवा कांब्रेचा तह घ्या. फ्रान्सचा राजा फ्रान्सिस १५२५ साली पाव्हियाच्या लढाईत बादशहा पाचव्या चार्ल्सच्या कैदेत पडला. पुढल्या वर्षी तह करून सुटला आणि सुटल्याबरोबर तह मोडला. त्याच्या जागी त्याची दोन लहान मुलं ओलीस राहिली. दोन्ही राजे हट्टाला पेटलेले. आधी हात पुढे कोण करणार? ज्यानं केला त्याची अब्रू गेली! अशा वेळी १५२९ साली फ्रान्सिसची आई सव्हॉयची लुईझ आणि चार्ल्सची आत्या ऑस्ट्रियाची मार्गारेट या दोघी कांब्रे गावात शेजारशेजारच्या घरांत उतरल्या. एका घरातून दुसऱ्या घरात जायची सोय होती. दोघी नात्यानं नणंदा-भावजया. त्यांनी बसून तह ठरवला. मोठी खंडणी ठरली आणि १५३० साली ती ओलीस मुलं घरी आली. इतिहासात या तहाला 'बायकांचा तह' असंच नाव पडलं आहे.

या मार्गारेटची गोष्ट मला फार बोलकी वाटते. तीन वर्षांची असताना तिला फ्रान्सला पाठवलं, तिथल्या भावी राजाची वाग्दत्त वधू म्हणून. तिथेच ती वाढली. अकरा वर्षांची झाली तेव्हा त्या राजानं ब्रिटनीचा मुलूख मिळावा म्हणून दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं आणि हिला पुढे माहेरी परत धाडलं. मग स्पेनच्या राजपुत्राशी लग्न. तो त्याच वर्षी वारला. मग सव्हॉयच्या ड्यूकशी. तो तीन वर्षांत गेला. तीन वेळा ती सोंगटीसारखी इकडून तिकडे सरकवली गेली. चौथ्यांदा इंग्लंडच्या राजाचं स्थळ आलं तेव्हा तिनं 'नाही' म्हटलं. १५०७ पासून ती नेदरलंड्सचा कारभार पाहू लागली आणि शेवटी कांब्रेला युरोपातलं युद्ध थांबवायला बसली. सोंगटीची खेळगडी झालेली बाई ही! तिच्या आयुष्यातली कलाटणी आली ती कुणी फासा टाकला म्हणून नाही, तर तिनं नकार दिला म्हणून.

'हिअर आय स्टँड'चा डाव सुरू होतो तेव्हा सहा बाजूंचे सहा प्रमुख असतात. सहाच्या सहा पुरुष. पुढे डावाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या गादीवर मेरी येऊ शकते. पण वाटाघाटीला बसणाऱ्या लुईझ आणि मार्गारेट यांच्यासाठी आठव्या हेन्रीच्या बाळंतखोलीएवढा सविस्तर नियम नाही. बाईची कूस नियमात आली, बाईची अक्कल आली नाही. इतिहासच तसा होता, हे उत्तर इथे लंगडं पडतं. इतिहासातलं काय उचलायचं आणि काय ठेवून द्यायचं ही निवड आहे, आणि ती आजच्या माणसांनी केलेली आहे.

दुसरी गोष्ट त्या फाशाची. अपत्याचा फासा टाकतो कोण? इंग्लंड खेळणारा, म्हणजे हेन्री. मला यात एक गंमत दिसली. शास्त्र हेच सांगतं! मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईनं पिठातल्या किड्यांचा अभ्यास करून गुणसूत्रं आणि लिंग यांचा हा संबंध दाखवून दिला. म्हणजे खेळात फासा योग्य हातात आहे. दान चुकलं की शिक्षा मात्र पलीकडच्या बाईला. अ‍ॅन बोलीनला १५३३ साली मुलगी झाली, पुढे मुलगा झाला नाही आणि १९ मे १५३६ रोजी तिचा शिरच्छेद झाला. आरोप व्यभिचाराचे आणि राजद्रोहाचे होते. मुलगा झाला असता तर ते आरोप झाले असते का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

आपल्याकडे तर फासाही बाईच्याच हातात आहे असं समजतात. तिसरी मुलगी झाली म्हणून टाकलेली बाई आपल्या सल्ला केंद्रात येते. तिच्यासोबत आलेली सासू म्हणते, "हिच्या पोटी मुलगा नाहीच." महाराष्ट्रानं १९८८ साली गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा केला, १९९४ साली तो देशाचा झाला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ च्या जनगणनेत ९४६ होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. आता सांगा, 'शी! मुलगीच!' हे चारशे नव्वद वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं वाक्य आहे, की आपल्या शेजारच्या घरातलं? माझ्या भाचीच्या मनात तसं काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण मनात नसताना तोंडून आलं, हेच तर नियमाचं सामर्थ्य. गुण कशाला मिळतात हे एकदा ठरलं, की खेळणारी बाई असली तरी ती मुलग्यासाठीच फासा टाकते. घराघरातली सासू याहून वेगळं काय करते? नियम तिनं केलेला नाही. ती फक्त नेटानं खेळते आहे.

तिसरी गोष्ट किमतीची. १२ ऑक्टोबर १५३७ रोजी जेन सीमूरला मुलगा झाला. तोफा झडल्या. बारा दिवसांनी ती मेली. पटावर मुलगा झाल्याचे गुण इंग्लंडच्या पदरात पडतात, पण बाळंतपणात गेलेल्या बाईचं मोल गुणांत कुठेच नाही. लढाईत फौज मेली तर सोंगट्या उचलाव्या लागतात, नुकसान दिसतं. बाळंतपणात बाई मेली तर दिसत नाही. घरकाम आणि बाळंतपण हिशोबात धरलं जात नाही असं आपण म्हणतो ते हेच.

आणि इतकं करून ज्याच्यासाठी हा आटापिटा केला तो मुलगा एडवर्ड नऊ वर्षांचा असताना गादीवर आला आणि पंधराव्या वर्षी, १५५३ साली वारला. कमी गुणांची ती मुलगी एलिझाबेथ मात्र १५५८ ते १६०३ अशी चव्वेचाळीस वर्षं राज्य करून गेली. याच रचनाकारानं २०१२ साली पुढचा खेळ काढला, १५५९ ते १५९८ या काळावर. त्याचं नाव 'व्हर्जिन क्वीन', म्हणजे कुमारी राणी. पहिल्या खेळात जिच्या जन्मानं इंग्लंडचा हिरमोड होतो, तिच्याच नावानं दुसरा खेळ उभा आहे! त्या खेळातही राजघराण्यांतल्या मुला-मुलींची लग्नं जुळवणं हा राजकारणाचा भाग आहेच.

हे सगळं दूरदेशीचं, असं वाटायला नको. एलिझाबेथ तिकडे गादीवर असताना इकडे दख्खनच्या पटावर तोच खेळ चालू होता. अहमदनगरच्या हुसेन निजामशहानं आपली मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण दिला. अलीची बहीण हुसेनच्या मुलाला दिली गेली. या सोयरिकींवर दोस्ती पक्की झाली आणि १५६५ साली तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला. चांदबीबी म्हणजे तहातलं एक कलम! पण १५८० साली नवरा मारला गेल्यावर लहानग्या इब्राहिमच्या वतीनं तिनं विजापूरचा कारभार हाती घेतला. सरदारांनी कारस्थान करून तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं, तीतूनही ती बाहेर आली. १५९५-९६ मध्ये तिनं अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला आणि वऱ्हाड देऊन तह केला. १६०० साली मोगल पुन्हा आले तेव्हा ती तहाची बोलणी करू पाहत होती. बाई फितूर झाली अशी हाकाटी उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं.

इथे थांबून विचार करावा. पुरुष वाटाघाटी करतो तेव्हा तो मुत्सद्दी. बाई करते तेव्हा फितूर, कारस्थानी, आतल्या गाठीची. तरवार घेतलेली चांदबीबी आपण चित्रात रंगवतो. तहाला बसलेली चांदबीबी आपल्याला आठवत नाही. पण तिला मारलं ते तरवारीसाठी नव्हे, बोलणी केली म्हणून.

म्हणूनच हा खेळ वाईट, त्यावर बहिष्कार टाका, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं उलट आहे. मुलींनी हा खेळ खेळावा. बायकांनी खेळावा. कारण त्यातली जी विद्या आहे, बाजूला घेऊन बोलणं, समोरच्याला काय हवं आहे हे ताडणं, आपल्याजवळचं राखून ठेवून योग्य वेळी पुढे करणं, कुणाच्या शब्दावर किती विसंबायचं हे ओळखणं, ही विद्या आपल्याला कुणी शिकवत नाही. चांगल्या मुली असं करत नसतात, एवढंच शिकवतात.

याचा तोटा आपण रोज पाहतो. १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. बाई सरपंच झाली, खुर्चीवर बसली. पण ठराव कुठे ठरतो? सभेच्या आदल्या रात्री, चहाच्या टपरीवर, कुणाच्या तरी ओसरीवर. सकाळी सभेत येतो तो नुसता कागद, सहीसाठी. वाटाघाटींची फेरी झालेली असते आणि त्या फेरीला तिला कुणी बोलावलेलं नसतं. त्या दिवशी भाचीच्या घरीही मी हेच पाहिलं. वाटाघाटींची वेळ झाली की मुलगे पटापट उठून गॅलरीत जात. दोघी मुली पहिल्या दोन फेऱ्यांत पटाशीच बसून राहिल्या, कुणी बोलावील म्हणून. तिसऱ्या फेरीत तुर्कांची बाजू खेळणारी मुलगी उठली आणि फ्रान्सच्या मुलाला म्हणाली, "चल, मला तुझ्याशी बोलायचंय." तिथून तिचा डाव बदलला. कुणी बोलावण्याची वाट न पाहता उठायचं असतं, हे तिला पटावर कळलं. आपल्यातल्या कितीजणींना ते चाळिशीनंतर, संसार आणि नोकरी दोन्हींत फटके खाऊन कळलं!

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या शिबिरांत आपण गाणी म्हणतो, पथनाट्यं बसवतो. तसाच एखादा वाटाघाटींचा खेळही ठेवावा. महागडा परदेशी पट लागतोच असं नाही. गावचं पाणी, रेशन दुकान, गायरान, शाळेची खोली असे विषय घ्यावेत, सहा गट करावेत, प्रत्येकीला थोडं द्यावं, थोडं कमी ठेवावं आणि वाटाघाटींना वेळ द्यावा. ज्या निवडून आल्या आहेत त्यांना सभेच्या आदल्या रात्रीचा सराव होईल.

आणि ज्यांच्या घरी असे विकतचे पट आहेत त्या मुलींना सांगावं, की नियमाचं पुस्तक म्हणजे वेद नव्हेत. मंडळी जमून आपापसात नियम बदलतात, ही सगळ्याच खेळांतली जुनी रीत आहे. पत्त्यांत, सागरगोट्यांत आपण घरोघरचे नियम केलेच की! तक्ता राहू द्या, हेन्रीचा हव्यास कळू द्या. पण जेन मेली तर इंग्लंडला काही गमवावं लागू द्या. एलिझाबेथला जन्माचे कमी गुण देणार असाल, तर तिच्या राज्याचे पुढे मोजा. आणि दोन राजांचं युद्ध कोंडीत अडकलं, की लुईझ आणि मार्गारेटला कांब्रेला बसू द्या.

भाचीला हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग डाव अवघड होईल, मावशी." होऊ दे. बायका सोंगट्या असतात तोवरच डाव सोपा असतो.